पिवळी का निळी

“ताई, तुमच्या घरी पिवळी हाय का निळी?”

फाटकाशी उभे राहून खोब्रागडे काका आईला विचारत होते. आई शाळेत निघाली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तपासलेल्या वह्यांची पिशवी, आणि आर्णी रोडने जाणारी तिची गाडी सुटायला दहा मिनिटं. मी खिडकीच्या पडद्यामागे होते, म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी.

“केशरी,” आई म्हणाली. “अन् त्यातलं पोराचं नाव कमी कराचं हाय, तो हैदराबादले गेला तवापासून. तुमची ओळख हाय का तहसीलमधी?”

“रेशन कार्डाचं नाही म्हणून राह्यलो ताई. ड्रिल. भोकं पाडाची मशीन. बॅटरीवाली.”

“मायबाई! ते मले काय माहीत? पोरीले विचारा,” म्हणत आई गेलीसुद्धा.

काका पायरीशी आले. मी दार वीतभर उघडलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मी म्हणाले, “नाही. आमच्याकडे नाही.”

खरं तर होती. निळी. दादाने दिवाळीला हैदराबादहून पाठवलेली. आईच्या लेखी ती ड्रिल नव्हती, ‘दादानं पाठवलेलं खोकं’ होतं, आणि ते खोकं कपाटात चादरींच्या खाली होतं. मी खोटं का बोलले याचं काही मोठं कारण नाही. ‘आहे’ म्हटलं की पुढचे प्रश्न येतात. ‘नाही’ म्हटलं की दार लावता येतं.

मी घरी बसून काम करते. दूरच्या एका देशातल्या कंपनीच्या ग्राहकांना चॅटवर उत्तरं देते. दिवसभर कितीतरी माणसांशी बोलते, त्यांच्या तक्रारी ऐकते, माफी मागते, धीर देते, आणि हे सगळं तोंडातून एक शब्द न काढता. आई संध्याकाळी येते. बाबा चंद्रपूरला नोकरीत आहेत, ते महिन्यातून दोनदा येतात. मधल्या वेळात घरात आवाज असतो तो कीबोर्डचा आणि कुकरचा. मला ते पुरत होतं, किंवा पुरतं असं मी धरून चालले होते.

तर खोब्रागडे काका. त्यांची ओळख करून द्यायची तर आधी त्यांच्या शर्टाच्या खिशाची करून द्यावी लागेल. इतर निवृत्त माणसांच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, औषधाची पट्टी असते. काकांच्या खिशात बोटभर लांबीची लेव्हल असते. काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. वस्तू सपाट असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो, नाहीतर चढाच्या बाजूला पळतो. काका कुठेही गेले की आधी ती लेव्हल काढून टेबलावर ठेवतात, बुडबुडा बघतात आणि मग बसतात. “पहिले लेव्हल पाहाची, मंग बोलाचं,” हे त्यांचं वाक्य. लोकांच्या घरचे टीव्ही, पलंग, ओटे, इन्व्हर्टरचे स्टँड, कशालाच त्यांनी सोडलेलं नाही.

मागे गल्लीतल्या एका लग्नात ते नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेले आणि तिथेही वाकून त्यांनी लेव्हल ठेवली. मागे मोठी रांग. फोटोग्राफर खोळंबलेला. काका उठले आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाले, “स्टेज उजवीकडं दबून राह्यलं. तुमचा पोरगा भारी हाय.” बापाला ती स्तुती वाटली. त्याने काकांना स्वतः जेवायला नेऊन बसवलं.

काका लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कापसाच्या जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हात फिटरचेच राहिले. त्यांच्याकडे एक जुनी वायरवाली ड्रिल होती. तिला ते ‘म्हैस’ म्हणत. ती जड होती, काळी होती आणि सुरू झाली की सगळ्या गल्लीला कळायचं. आमच्या गल्लीत तेरा घरं. काकांचं सोडलं तर बारा. या बाराही घरांच्या भिंतींना काकांनी भोकं पाडली आहेत. कुणाकडे बाबासाहेबांचा फोटो लावायला, कुणाकडे गजानन महाराजांचा, कुणाकडे टीव्ही, कुणाकडे पाळण्याचा हूक. माणसांचे वाढदिवस त्यांना आठवत नाहीत, भिंती आठवतात. “पाटलीणबाईच्या हॉलची भित बरोबर नाही. रेतीच जास्त हाय. खिळ्यावर भरवसा ठेवू नका म्हणा.” पाटलीणबाई हे ऐकून दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. मग दिवाळीत आरसा पडला आणि पुन्हा बोलायला लागल्या.

नंतर घरोघरी कुरिअरने खोकी यायला लागली. बिनवायरच्या, हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल. पोरांनी मोबाइलवर बघून मागवल्या, जावयांनी भेट दिल्या. म्हशीला बोलावणं येईना. काकांनी तिला पुसून, वायर गुंडाळून पलंगाखाली ठेवलं आणि जाहीर केलं, “आपण बी बॅटरीवाली घेऊन राह्यलो.”

आता यात अवघड काय आहे? दुकानात जायचं, एक ड्रिल आणायची. पण काकांना ती घ्यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्या वर्षभरात त्यांनी आमच्या गल्लीला जो ताप दिला त्याची ही गोष्ट आहे.

कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, कारण काकाही घेत नसत. नावं घेतली की लोक भांडतात असं त्यांचं मत. ते फक्त रंग बोलत. पिवळी, निळी, हिरवी, लाल. “आपण ड्रिल नाही घेत बेटा,” त्यांनी मला एकदा समजावलं, “आपण बॅटरी घेतो. बॅटरी म्हंजे घराणं. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनले बसतच नाही. एक डाव पिवळीच्या घरात गेलं की मंग कटर बी पिवळा, ग्राइंडर बी पिवळा, बागेतली झाडं कापाची मशीन बी पिवळीच. जल्मभर.”

हे ते आमच्या पायरीवर बसून सांगत होते. माझं ‘नाही’ त्यांच्या एका वहीत नोंदवून झाल्यावर त्यांना कळलं होतं की मी इंग्रजी शाळेत शिकले आहे. मग ते दर दोन-तीन दिवसांनी दुपारी मोबाइल घेऊन यायला लागले. “एवढं वाचून दे नं.” मी दारात उभी राहून वाचायची, ते पायरीवर लेव्हल ठेवून बसायचे. मी त्यांना आत या म्हटलं नाही आणि त्यांनीही कधी तशी वाट पाहिली नाही. पायरी दोघांनाही सोयीची होती.

वाचणं सोपं होतं. अडचण पुढे यायची. “आता मराठीत सांग.” मला शब्द सुचायचे नाहीत. टॉर्क म्हणजे काय हे मला शाळेत सूत्रासकट शिकवलं होतं, पण काकांच्या तोंडाकडे बघत मी नुसती हात फिरवत उभी राहिले.

“पीळ,” काका म्हणाले. “मशीनचा पीळ. स्क्रू आत जाते तो पिळानं. एवढं इंग्रजी शिकली अन् पीळ नाही शिकवला तुले?”

तेव्हापासून मी वाचायची आणि ते मला शब्द द्यायचे. मशीनचं तोंड, बिटाची धार, भिंतीचं पोट. मला वाटायचं मी त्यांना मदत करते आहे.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. एवढं वाचून घेऊनही काका पिळावर काही ठरवत नव्हते. हिरवीचा पीळ सगळ्यांत चांगला आहे असं मी तीन ठिकाणांहून वाचून दाखवलं. काका म्हणाले, “चांगली हाय. पण हिरवी आपल्या गल्लीत हाय कोणाकडं?”

“नाही.”

“मंग ते चांगली असून काय कराचं?”

लाल पण त्याच कारणाने बाद झाली. उरल्या दोन, पिवळी आणि निळी. कारण गल्लीत त्याच होत्या. काकांनी एक शंभर पानी वही केली होती. प्रत्येक घराला एक पान. पानावर घरमालकाचं नाव, भिंतीचा प्रकार आणि ड्रिलचा रंग. ही माहिती गोळा करायला ते घरोघर जात, आणि ‘तुमच्या घरी पिवळी हाय का निळी’ या प्रश्नाला लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देत. राठोड सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आधी लेखी अर्ज मागितला, काकांनी तो वहीच्याच पानावर लिहून दिला, मग सरांनी पेटी उघडून पिवळी दाखवली. भोयरांच्या सुनेला वाटलं मीटर तपासायला माणूस आला, तिने दारच उघडलं नाही. काकांनी मग भोयरांच्या घरून ड्रिलचा आवाज यायची वाट बघितली, आणि एका रविवारी तो आल्यावर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “निळी.” आवाजावरून रंग ओळखतो हा त्यांचा दावा होता. तो खरा निघाला, हे माझं दुर्दैव.

कारण त्याच सुमाराला आमच्या हॉलच्या पडद्याचा रॉड पडला. दादाची निळी कपाटात होती, भिंतीत दोन भोकं पाडायची होती, पाच मिनिटांचं काम. पण आमची आणि काकांची एक भिंत सामाईक आहे. मशीन सुरू झाली असती की पलीकडून काकांनी रंग सांगितला असता. म्हणून मी पडदा सुतळीने खिडकीच्या गजांना बांधला. आई म्हणाली, “हे काय लावलं वं? ते दादानं पाठवलेलं खोकं काढ नं.” त्या वेळी काका आमच्या पायरीवरच बसले होते.

“आई, दूध उतू चाललं,” मी म्हणाले.

आई धावली. गॅसवर दूध नव्हतंच. मी आत गेल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी रिकामा गॅस पुसायला घेतला. पडदा सुतळीवरच राहिला.

हे सगळं इतकं वाढायचं कारण म्हणजे काकांच्या मोजणीचा निकाल. बारा घरांपैकी चार पिवळ्या, चार निळ्या. उरलेल्या चार घरांत काहीच नाही, आणि त्या चारांत आम्ही.

“चार-चार,” काकांनी मला वही उघडून दाखवली. “जल्मभर लेव्हल पाह्यली मी. पहिल्या डाव असं झालं की बुडबुडा मधात हाय अन् मले आनंद नाही.” मग आमच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “तुमच्याकडं एक असती नं बेटा, कोणची बी, तर निकाल लागला असता.”

मी मान हलवली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण लहान खोटं पहिल्या दिवशी मागे घेता येतं. महिनाभराने ते मागे घ्यायचं तर आधी महिनाभर का घेतलं नाही ते सांगावं लागतं. ग्राहकांची माफी मागायला माझ्याकडे तयार वाक्यं होती. काकांसाठी एकही नव्हतं.

गल्लीला या प्रकरणाचं एकच कारण सापडलं होतं. ते मी पडद्यामागून, म्हणजे सुतळीमागून, ऐकलं. पाटलीणबाई भाजीच्या गाडीपाशी कुणाला तरी सांगत होत्या, “सगळ्याईसारखी मशीन घेतली की सगळ्याईच्या बॅटऱ्या मागता येतात. फुकटात काम. लय हुशार म्हातारा हाय.” ऐकणारी हसली. मीही थोडी हसले. मला ते पटलं होतं. हिरवी चांगली असून नको, शेजाऱ्याकडे आहे तीच हवी, याचा दुसरा अर्थ काय असणार?

काकांच्या चक्रमपणाच्या अजूनही गोष्टी होत्या. त्यातली आईची आवडती म्हणजे घंटीची. रोज सकाळी आठला काका घराबाहेर येतात, दार ओढून घेतात आणि स्वतःच्याच घराची घंटी वाजवतात. मग जरा थांबतात. मग किल्लीने दार उघडून आत जातात. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, “बेल चालू हाय का पाहाची असते ताई. बंद पडली तर आलेला माणूस परत जाईन नं.” आई हे शाळेत सगळ्या बाईंना सांगून हसवते.

काकू दोन वर्षांपासून नागपुरात लेकीकडे आहेत, नात सांभाळायला. काका तिथे राहायला गेले होते आणि अकराव्या दिवशी परत आले. “नवव्या माळ्यावर घर. भितीत एक खिळा ठोकाचा तं सोसायटीची परवानगी. मी अर्ज केलता. नाही भेटली.” काकू रोज संध्याकाळी फोन करतात. काका फोनवर काय बोलतात ते भिंतीतून ऐकू येत नाही, पण दर वेळी शेवटचं वाक्य मोठ्याने असतं, “हौ, जेवलो.”

मागच्या महिन्यात काका पायरीवर आले आणि बसलेच नाहीत. लेव्हलही काढली नाही. “बेटा, आता नाही थांबत. आज दुकानात जाऊन राह्यलो. तू चालतं का? डब्यावरचं वाचाले. तुह्या आईले इचारलं मी, ते हौ म्हणे.”

रविवार होता, मला सुट्टी. नाही म्हणायला काही सुचेना. “कपडे बदलून येते,” मी म्हणाले. “मंग इकडंच ये,” म्हणून ते गेले.

म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या दाराशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घंटीच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबणार एवढ्यात माझं लक्ष दाराशेजारच्या भिंतीकडे गेलं.

तिथे एक नवी लाकडी फळी बसवली होती. बाहेरच्या बाजूला, छपरीत, उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर. फळीवर चार्जर ठेवायची जागा आखलेली. वर नवा प्लग. वायर नीट पट्टीतून आत नेलेली. फळीला कुलूप नाही, झाकण नाही. आणि तिच्या खाली पुठ्ठ्यावर काकांच्या जाड अक्षरात लिहिलेलं होतं:

‘बॅटरी चार्ज आहे. घेऊन जा. घंटी वाजवा.’

‘घंटी वाजवा’च्या खाली दोन रेघा.

मी घंटी वाजवली. आत काहीतरी पडलं. पावलांचा आवाज धावत आला, आणि धावणं त्या वयाला शोभणारं नव्हतं. दार उघडून काकांनी मला बघितलं. “हौ, तूच नं,” ते म्हणाले. “मीच बोलावलं तुले. बेल वाजली तं मले वाटलं कोण आलं.”

मी फळीकडे बघत होते. ते त्यांनी पाहिलं.

“लेव्हलमधी हाय,” ते म्हणाले. मग फळीवर हात ठेवून, “दोन बॅटऱ्या घेतो मी. एक मले. एक इथं.”

“म्हणजे तुम्ही देणार?”

“मंग? मले कोणाची घ्याची हाय? माह्या घरी काय काम हाय आता? सगळी भोकं पाडून झाली.” ते दाराच्या चौकटीला टेकले. “पहिले म्हैस मागाले येत लोकं. म्हैस कोणाच्यानं चालत नव्हती, म्हणून मले घेऊन जात. दहा मिंटाचं काम. पण चहा होये. बसणं होये. पोराईचं कोणत्या वर्गात गेलं ते समजे. आता ज्याच्या त्याच्या घरी मशीन हाय. चांगलं हाय, मी नाही म्हणून नाही राह्यलो. पण एक गोष्ट सगळ्याईची सारखीच हाय बेटा. बॅटरी ऐन वक्ताले उतरते.”

मी पुठ्ठ्यावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

“त्या दिवशी राठोड सर गच्चीवर शेड लावून राह्यलते. अर्धा पत्रा लागला अन् बॅटरी बंद. एक घंटा बसून होते सर, एकटेच, चार्ज होयेपर्यंत. मी इथून पाहून राह्यलो. माह्याजवळ असती तं सर खाली उतरून आले असते. घेतली असती, मंग परत द्याले आले असते. दोन डाव.” त्यांनी दोन बोटं दाखवली. “पहिले शेजारी इरजण मागाले येत नाही का? वाटी घेऊन? तसं. फक्त बसली पाह्यजे. दुसऱ्या घराण्याची असली तं कोणी कायले येईन?”

त्या दोन बोटांकडे बघताना मला आठवलं की सकाळी आठची ती एक घंटी सोडली तर काकांच्या घराची घंटी मी कधीच ऐकलेली नाही. आमची भिंत एकच आहे. वाजली असती तर मला ऐकू आली असती.

दत्त चौकातल्या दुकानापर्यंत मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. सबंध रस्ताभर मी एक वाक्य जुळवत होते. चॅटवर असतं तर आतापर्यंत लिहून, खोडून, पुन्हा लिहून पाठवलं असतं.

दुकानात गर्दी होती. शेठ काकांना ओळखत होते, चांगलेच ओळखत होते. “या खोब्रागडेजी! आज घेता का नुसती पाहता?”

“आज घेतो.”

“म्हंजे पाहता,” शेठ म्हणाले आणि काउंटरवर दोन्ही खोकी मांडली. डावीकडे पिवळी, उजवीकडे निळी. काकांनी मला डब्यांवरचं वाचायला सांगितलं. मी वाचलं. व्होल्ट सारखेच. पीळ जवळपास सारखा. बॅटऱ्या दोन-दोन. काका मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना ते पाठ झालंय हे मला माहीत होतं. मीच वर्षभर वाचून दाखवलं होतं.

“मंग? कोणची?” शेठने विचारलं.

“चार-चार हाय,” काका म्हणाले.

“काय चार-चार?”

काकांनी खिशातून लेव्हल काढली आणि दोन खोक्यांच्या मधोमध काउंटरवर आडवी ठेवली. मागचं गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं. बुडबुडा हलला, थरथरला, आणि हळूहळू डावीकडे सरकून थांबला.

“पिवळी,” काका म्हणाले. “बरंच झालं. राठोड सरांची बी पिवळीच हाय.”

“वा! तुमच्या जागी माह्या काउंटरनंच ठरवलं,” शेठ हसले. “अन् तुमचा काउंटर तिरपा हाय, ते बी ध्यानात ठेवा,” काका म्हणाले. शेठने निळी उचलून बाजूला ठेवली आणि पिवळीचं बिल करायला पेन उघडलं.

मी म्हणाले, “काका.” पण ते मलाच ऐकू आलं नाही. बाजूला कुणीतरी ग्राइंडर चालवून बघत होतं. शेठने वरती नाव लिहिलं. आता एकदा बिल झालं की जन्मभराचं घराणं ठरणार होतं. फळीवर पिवळी बॅटरी बसणार, आणि मी रोज भिंतीपलीकडे बसून आठची घंटी ऐकणार, आणि माझ्याकडे तिकडे जायला कारण नसणार. कारण मीच ते कपाटात चादरीखाली ठेवलं होतं.

ग्राइंडर थांबला. दुकान एकदम शांत झालं आणि त्या शांततेत माझा आवाज इतका मोठा निघाला की शेठचं पेन थांबलं, गिऱ्हाइकं वळली, आणि काकांनी लेव्हल उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं.

“काका, पिवळी नका घेऊ. निळी घ्या. आमच्याकडे निळी आहे, पहिल्या दिवसापासून आहे. मी खोटं बोलले. आणि तिची बॅटरी उतरली आहे.”